सुट्टीची यादी आणि हजेरीपट

शाळेचा इतिहास लिहायचा म्हटलं की इमारत कधी उभी राहिली, पहिली तुकडी कोणती, निकाल किती लागला हे लिहिलं जातं. या स्मरणिकेत ते इतरांनी लिहिलं आहे आणि माझ्यापेक्षा चांगलं लिहिलं आहे. मी लिहितोय सुट्ट्यांवर. हसू नका. गेली बरीच वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवताना दर जूनला सुट्टीची यादी फळ्याशेजारी चिकटवण्याचं काम माझ्याकडेच येतं, आणि दरवेळी ती यादी वाचताना मला आपल्या लोणखेड्याच्या शाळेतली, कार्यालयाबाहेर चौकटीत लावलेली यादी आठवते. पाचवी ते दहावी, म्हणजे जून १९८० ते मार्च १९८६, अशा सहा याद्या आपण पाहिल्या. तेव्हा नंदुरबार जिल्हा नव्हता. तो १ जुलै १९९८ ला झाला. आपली यादी धुळ्याहून यायची.

त्या यादीतले सगळे दिवस एकाच ठिकाणाहून येत नाहीत, हे मला शिक्षक झाल्यावर कळलं. सार्वजनिक सुट्ट्या ज्या कायद्याखाली जाहीर होतात तो आहे १८८१ चा पराक्राम्य संलेख अधिनियम, म्हणजे हुंड्या, वचनचिठ्ठ्या, धनादेश यांचा कायदा. त्याच्या कलम २५ मध्ये सुट्टीच्या दिवशी मुदत संपणाऱ्या बिलाचं काय करायचं हे सांगताना सार्वजनिक सुट्टी म्हणजे काय तेही सांगावं लागलं: रविवार, आणि सरकार राजपत्रात जाहीर करील तो दिवस. महाशिवरात्र, ईद, नाताळ, महावीर जयंती हे सगळे सण आपल्या भिंतीवर आले ते बँकेच्या दारातून. त्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या तीन स्थानिक सुट्ट्या मिळतात, मुख्याध्यापकांच्या अधिकारातल्या दोन मिळतात, आणि दिवाळी-उन्हाळ्याच्या दीर्घ सुट्ट्या. रविवार सोडून सगळं मिळून वर्षाला ७६ च्या वर जायचं नाही आणि कामाचे दिवस २३० च्या खाली यायचे नाहीत, असा माध्यमिक शाळांचा हिशेब. ७६ आकडा मोठा वाटतो. वाटणी करायला बसलात की तो किती लहान आहे ते कळतं.

आणि रविवार? तो आपण सुट्टीत धरतच नाही, इतका तो अंगवळणी पडला आहे. पण यादीतली सर्वांत मोठी धार्मिक सुट्टी तीच. पूर्वीच्या पंतोजींच्या शाळांना रविवार ठाऊक नव्हता. तिथे अमावास्या-पौर्णिमेला अनध्याय असे. रविवार आला इंग्रजी अमलाबरोबर, चर्चच्या वारासारखा. सरकारी कचेऱ्यांत आणि शाळांत तो आधी आला, पण मुंबईच्या गिरणी कामगारांना मात्र भांडून घ्यावा लागला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी ती मागणी लावून धरली आणि १० जून १८९० ला ती मान्य झाली. लोखंडे म्हणत, रविवार आमच्या खंडोबाचा वार आहे. चर्चचा वार असा जेजुरीला पोचला आणि आता कोणाच्याच धर्माचा राहिला नाही. आपल्याकडे तर श्रावणातला एक रविवार कानबाईचाही असतो.

तुम्हाला आठवत असेल, नोटीस वही घेऊन शिपाईकाका वर्गाच्या दारात उभे राहिले की सगळा वर्ग त्यांचा चेहरा बघायचा. सरांनी वही उघडायच्या आधी आपल्याला कळायचं. ईदच्या आदल्या दिवशी मात्र त्यांनाही ठाऊक नसायचं. वर्गातले दोन मुसलमान मित्र त्या दिवशी फार महत्त्वाचे व्हायचे. "उद्या सुट्टी आहे का रे?" असं त्यांना इतक्या जणांनी विचारलेलं असायचं, जणू चंद्र त्यांच्याच धाब्यावर बांधून ठेवलाय. त्यातला एक शांतपणे सांगायचा, "रेडिओ ऐक." चंद्र दिसला नाही की यादीतली सुट्टी पुढे सरकायची आणि निम्मा वर्ग दप्तर घेऊन येऊन परत जायचा.

आपण पाचवीत होतो तेव्हा रमजान ईद १३ ऑगस्टला होती, झेंडावंदनाच्या दोन दिवस आधी. दहावीत ती जूनच्या २०-२१ ला आली, शाळा उघडल्या उघडल्या. पुढच्या वर्षी ती उन्हाळी सुट्टीतच गेली आणि शाळेच्या यादीतून काही वर्षं दिसेनाशी झाली. हे आपल्या डोळ्यांदेखत घडत होतं, पण कोणाच्या लक्षात येत नव्हतं. लक्षात आणून दिलं गणिताच्या सरांनी. दहावीच्या सप्टेंबरात, १९८५ ला, गणपती बसलेले असताना मोहरम आला. लेझमीच्या सरावाला आपला एक गडी चार दिवस आला नाही आणि कोणीतरी कुरकुर केली की यांचे सण कधी पण येतात. सरांनी ते ऐकलं. रागावले नाहीत. फळ्यावर लिहिलं: ३६५ वजा ३५४, बरोबर ११. चांद्र वर्ष अकरा दिवसांनी लहान. आपल्या पंचांगातही महिने चंद्राचेच, पण आपण दोन-तीन वर्षांनी अधिक मास टाकून गाडी पुन्हा ऋतूवर आणतो. त्या वर्षी दोन श्रावण होते ते सगळ्यांना माहीत होतं. हिजरी कालगणनेत अधिक मास नाही, म्हणून त्यांचा सण सगळ्या ऋतूंतून फिरतो. मग सरांनी ३६५ ला ११ ने भागायला लावलं. तेहतीस. "१९८५ अधिक ३३ किती? २०१८. तेव्हा बघा." एवढं बोलून त्यांनी फळा पुसला आणि प्रमेय सुरू केलं.

२०१८ ला गणेश चतुर्थी १३ सप्टेंबरला होती, अनंत चतुर्दशी २३ ला, आणि मोहरम २१ ला. आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर त्या दिवशी पहिला संदेश त्याच मित्राचा होता, १९८५ ला लेझमीला न आलेल्याचा. त्याने फक्त ११ गुणिले ३३ असं लिहिलं होतं.

सरांचा हिशेब आता सरकारलाही करावा लागतो. २०२३ ला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली. दोन मिरवणुका एका रस्त्यावर नकोत म्हणून ईदची मिरवणूक दुसऱ्या दिवशी काढायचं ठरलं आणि राज्य सरकारने सुट्टी २९ ला नेली. मला त्यात मोठं वाटलं ते हे की आधी माणसं बसून बोलली आणि मग राजपत्र निघालं. या वर्षी गुढीपाडवा १९ मार्चला होता आणि रमजान ईद त्याला लागूनच. आता ती पुढची काही वर्षं मागे सरकत थंडीत जाईल.

काही धर्मांची आणि आपली भेट शाळेत झालीच नाही, ती केवळ या यादीमुळे. बुद्ध पौर्णिमा दर वर्षी उन्हाळी सुट्टीत, १४ एप्रिल परीक्षेच्या धामधुमीत. आपल्या बौद्ध मित्राच्या घरी सहा वर्षांत मी एकदाही त्या दिवशी गेलो नाही, कारण शाळेत त्या दिवसाबद्दल कोणी बोलतच नसे. उलट ऑगस्टात पारशी नववर्षाची सुट्टी आपण हक्काने घेतली. आपल्या शाळेत पारशी एकही नव्हता, आणि त्या दिवसाला आपण सगळे पतेती म्हणायचो. पतेती खरं तर त्याच्या आदल्या दिवशी, वर्षाचा शेवटचा दिवस. पण मुंबई राज्यापासून ती सुट्टी यादीत होती, म्हणून लोणखेड्यातही होती. नवापूरकडचा एक ख्रिस्ती मुलगा वसतिगृहात होता. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात स्नेहसंमेलन असायचं आणि नाटकात त्याचं काम हमखास चांगलं व्हायचं. रंगीत तालीम झाली की तो २४ ला एसटी पकडायचा. संमेलनाची तारीख नाताळाला धरूनच का ठरते, हे त्याने कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं, असं मला आता वाटतं.

शहाद्याहून येणारी आपली एक जैन मैत्रीण पर्युषणात अठ्ठाई करायची. आठ दिवस अन्न नाही, उकळलेलं पाणी तेवढं. पर्युषणाला यादीत जागा नव्हती, महावीर जयंतीला होती. ती आठही दिवस शाळेत आली, पाण्याची बाटली घेऊन, आणि पी.टी.च्या तासाला झाडाखाली बसायची परवानगी तेवढी मागितली. हजेरीपटावर तिचे आठही दिवस 'ह'.

हजेरीपट हा शब्द इथे आला ते बरं झालं, कारण मला खरं सांगायचं आहे ते त्याच्याबद्दल. यादी धुळ्याहून यायची. हजेरीपट लोणखेड्यात भरला जायचा. दोन्ही शेजारी ठेवले तर दोन वेगळी पंचांगं दिसतात. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसायची आणि सोमवारी उठायची. सरकारी यादीत कानबाई नव्हती, पण त्या सोमवारी गावातली निम्मी मुलं घरी असायची. भाऊबंद जमलेले, रोट झालेले, नदीवर न्यायची मिरवणूक. शाळेत कोण येतं? पोळ्याचं तेच. मार्गशीर्षात सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा भरली, घोड्यांचा बाजार लागला, की मागच्या बाकांवरची मंडळी चार दिवस तापाने आजारी पडायची. आखाजी तर उन्हाळ्यातच, तिला सुट्टीची गरज नव्हती. कानबाई आणि पोळ्याची सोय मुख्याध्यापक आपल्या दोन सुट्ट्यांतून करायचे. गावची शाळा, गावचे सण, त्यात गैर काही नव्हतं.

पण सातपुड्यातून उतरून आलेल्या मुलांचं पंचांग या दोन्हींत बसत नव्हतं. आपल्या आठवीच्या वर्गात पावरा आणि भिल मित्र बरेच होते, बहुतेक वसतिगृहात राहणारे. त्यांचा मोठा सण होळी. यादीत होळीची सुट्टी एक दिवस, धुळवडीची. डोंगरात होळी एका रात्रीची नसते. आधीचा आठवडाभर भोंगऱ्याचे बाजार भरतात, ढोल डोंगरावरून खाली येतात, होळीसाठी कपडे, दागिने, गूळ-डाळ्यांची खरेदी होते. मग एकेका गावाची होळी वेगवेगळ्या दिवशी पेटते. एका गावची पाहून माणसं दुसऱ्या गावी जातात. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी तर रात्रभर नाचून पहाटे पेटवली जाते. ज्याने नवस बोललेला असतो तो पालनी पाळतो: खाटेवर झोपायचं नाही, पथ्यं सांभाळायची, आणि बुध्या किंवा बावा होऊन नाचायचं. अंगावर राखेची नक्षी, कमरेला घुंगरू आणि वाळलेले भोपळे, डोक्यावर मोरपिसांचा टोप. हे सगळं एका धुळवडीत कसं मावणार?

दिवाळीचं उलटं. आपल्याला तीन आठवड्यांची सुट्टी, आणि त्यांच्यातल्या अनेकांच्या गावची दिवाळी त्यात यायचीच नाही. गाव बसून ठरवेल तेव्हा ती, कधी पौषातसुद्धा. महाशिवरात्रीला एक दिवस सुट्टी, पण देवमोगऱ्याला याहामोगीच्या यात्रेला गेलेलं घर एका दिवसात परत येत नाही. ते ठिकाण गुजरातेत, सागबारा तालुक्यात आहे आणि जाणं पायी किंवा बैलगाडीने होतं.

आठवीत आपला एक मित्र, नाव लिहीत नाही, तुम्ही ओळखालच, वडिलांच्या नवसापायी होळीला दहा दिवस गेला. परत आला तेव्हा घटक चाचणी झाली होती. हजेरीपटावर दहा वेळा 'गै', तांबड्या शाईत. वर्गशिक्षकांनी नियमाप्रमाणे पालकांना कार्ड टाकलं. ते कार्ड डोंगरात किती दिवसांनी पोचलं असेल आणि तिथे ते कोणी वाचलं असेल, याचा विचार मी पुढे शिक्षक झाल्यावर, तसंच कार्ड लिहिताना केला. तो मुलगा वर्गात हुशार होता, नकाशे सुरेख काढायचा. नववीत तो आला नाही. आठवीतल्या त्या सगळ्या मित्रांपैकी दहावीच्या ग्रुप फोटोत दोघेच आहेत. फोटो या स्मरणिकेत छापलाय, मागच्या रांगेत डावीकडे बघा. सगळे होळीमुळे गळाले असं मी म्हणत नाही. शेती होती, लहान वयातली लग्नं होती, घरची ओढ होती, आणि इंग्रजी होतंच. पण दर मार्चला दहा तांबडे शेरे पडत गेले की मुलाला शाळा आपली वाटेनाशी होते. तापाने आजारी पडून सारंगखेड्याला जाणाऱ्या आपल्याला तसे शेरे पडले नाहीत, कारण आपण चिठ्ठी आणायचो. चिठ्ठी लिहिणारं माणूस आपल्या घरात होतं.

नववीत एक गोष्ट झाली, तिची नोंद शाळेच्या इतिहासात राहावी म्हणून हा लेख. मुख्याध्यापकांनी आपल्या अधिकारातल्या दोनपैकी एक सुट्टी पोळ्याऐवजी धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी दिली, आणि मार्चची घटक चाचणी होळीच्या आधी घेऊन टाकली. आज हे वाचताना किरकोळ वाटेल. तेव्हा गावात आठ दिवस चर्चा होती. काही पालक शाळेत आले. बैलांचा सण बंद करून पोरांना काय शिकवणार, असा त्यांचा सवाल होता आणि तो अगदीच चुकीचा नव्हता. शेतकऱ्याच्या घरात पोळ्याला पोरगं लागतंच. सर त्यांना म्हणाले, पोळ्याला पोरगं दुपारी घरी असेल, सकाळची शाळा भरवतो. आणि हजेरीपट उघडून मार्च महिन्याचं पान पालकांपुढे ठेवलं. मी तेव्हा वर्गाच्या वह्या पोचवायला कार्यालयात गेलो होतो, म्हणून हे पाहिलं. एक आजोबा बराच वेळ त्या तांबड्या शाईकडे बघत होते. ते वाचता येणारे नव्हते, पण रंग कळत होता. त्यांनी विचारलं, "हाई सगळं होळीनं?"

त्या वर्षी वसतिगृहातली मुलं चौथ्या-पाचव्या दिवशी परत आली. सगळी नाही. पण चाचणी कोणाची बुडाली नाही.

आपल्या भागातल्या सर्वांत मोठ्या शिक्षणसंस्थेच्या नावात साने गुरुजी आहेत. अमळनेरच्या छात्रालयात मुलांची अंथरुणं आवरणारे, पंढरपूरचं मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून मे १९४७ मध्ये उपोषणाला बसलेले, आणि इस्लामी संस्कृतीवर मराठीत आदराने पुस्तक लिहिणारे गुरुजी. त्यांच्या जयंतीला आपण भाषणं खूप ऐकली. मला मात्र त्यांची आठवण त्या घटक चाचणीच्या वेळापत्रकाने जास्त होते.

पुढे काय झालं ते थोडक्यात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीला २०० आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा भरलीच पाहिजे असं ठरवलं, त्यामुळे सुट्टी वाढवणं आणखी अवघड झालं. हलवणं मात्र शक्य आहे. दिवाळीचे किंवा उन्हाळ्याचे काही दिवस कमी करून ते शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीने गणपती-नाताळाला घेता येतात, अशी तरतूद जुनी आहे. उर्दू शाळा रमजानसाठी अशी फिरवाफिरव करतात. मी डोंगरातल्या शाळेवर होतो तेव्हा आम्ही शिक्षकांनी होळीसाठी असाच अर्ज केला. मंजूर झाला. काही वर्षी झाला नाही, तेव्हा आम्ही रिकाम्या वर्गात बसून अहवाल लिहिले. संयुक्त राष्ट्रसंघाने १९९४ ला ९ ऑगस्ट हा विश्व आदिवासी दिवस ठरवला आणि आता आपल्या जिल्ह्यात त्या दिवशी रस्ते ढोलांनी भरलेले असतात. २०१३ ला तर रमजान ईदही नेमकी ९ ऑगस्टला आली होती. गणिताच्या सरांना ते आवडलं असतं: १९८० अधिक ३३.

या स्नेहमेळाव्याची तारीख ठरवताना गटावर जे झालं ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलंच आहे. कोणी म्हणालं दिवाळीच्या सुट्टीत घ्या, पोरं घरी येतात. कोणी म्हणालं कापूस वेचणी आहे. एकीने पर्युषण सांभाळायला सांगितलं, एकाने ईद कधी आहे ते विचारलं आणि बाराजणांनी एकदम त्याला उलट विचारलं, "तूच सांग." नाव न लिहिलेला आपला तो नकाशेवाला मित्र, चाळीस वर्षांनी सापडलेला, आता धडगावकडे शेती करतो. त्याला फोन केला तेव्हा त्याने आधी दिवाळी नको म्हटलं. का, तर त्यांच्या गावची अजून ठरायची आहे. ठरली की कळवतो म्हणाला, आणि आपल्या सगळ्यांना तिकडे बोलावलंय.